दोन धुरनळ्यांमधला पूल

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्याने हौसेने एक जुनी फोर्ड मस्टँग विकत घेतली आहे. शर्यतीच्या धाटणीची, आठ सिलिंडरची गाडी. तिच्या धुराच्या दोन नळ्या मध्येच एका आडव्या नळीने जोडलेल्या असतात. ती गंजली, म्हणून नवी घ्यायची आहे. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एकीचा आकार इंग्रजी 'एच' अक्षरासारखा, दुसरीचा 'एक्स'सारखा. "सर, कुठली घेऊ?" असा त्याचा सवाल.

आता मी गणिताचा एम. ए.; मोटारीचा मेस्त्री नव्हे. पण विचार करता करता ध्यानात आले की हा प्रश्न अर्धा मेस्त्रीचा आहे आणि अर्धा गणिताचा. शिवाय आपल्या गावोगावची पोरे बुलेटचा सायलेन्सर काढून भलतीच नळी बसवतात आणि 'गाडीला ताकद आली' असे सांगत फिरतात. ताकद आली की नुसता आवाज आला, हे समजायलाही हीच विद्या लागते. म्हणून ही अमेरिकन गाडी आज आपल्यासमोर उभी करतो. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात करता येईल असा एक खेळही पुढे आहे.

विहिरीवरचे जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजिन तुम्ही ऐकले असेल. टुक्... टुक्... टुक्... असा त्याचा आवाज. दट्ट्या चार फेऱ्या मारतो: हवा आत घेतो, दाबतो, भडका होऊन खाली ढकलला जातो आणि शेवटी वर येताना धूर बाहेर लोटतो. या चार फेऱ्यांत मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात. भडका मात्र एकच. धूर बाहेर पडतो तो नळातल्या पाण्यासारखा सलग नव्हे. एकेक ठोका पडतो. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण आडव्या नळीचे सगळे प्रकरण या ठोक्यांवरच उभे आहे.

मस्टँगच्या इंजिनात आठ सिलिंडर असतात, चार डाव्या अंगाला आणि चार उजव्या. समोरून पाहिले तर दोन्ही रांगा 'व्ही' अक्षरासारख्या एकमेकींपासून फाकलेल्या दिसतात, म्हणून त्याला 'व्ही-एट' म्हणतात. दांड्याच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, आठ भडके होतात. भागाकार सोपा आहे. दर ९० अंशांना एक. घड्याळासारखे नियमित. पण धुराची नळी दोन्ही अंगांना वेगवेगळी असते. डाव्या चौघांचा धूर डाव्या नळीत आणि उजव्या चौघांचा उजव्या नळीत जातो. एकंदर ठोके नियमित असले तरी एका नळीपुरते ते नियमित राहत नाहीत. गोम इथे आहे.

तसे का होते, याला थोडा इतिहास आहे. कॅडिलॅक कंपनीने १९१४ साली व्ही-एट इंजिनाची गाडी बाजारात आणली, तेव्हा त्याचा क्रँकशाफ्ट सपाट होता. टोकाकडून पाहिले तर त्याचे सगळे गुडघे एका सरळ रेषेत दिसत. अशा दांड्यात डाव्या-उजव्याची पाळी अगदी न्यायाने येते, पण गाडी थरथरते. १९२३ साली त्याच कंपनीने नवा दांडा आणला. त्याचे गुडघे टोकाकडून अधिकच्या चिन्हासारखे दिसतात. थरथर गेली, बसणाऱ्याला सुख झाले. अमेरिकेने तोच नमुना उचलला आणि आजही तिकडच्या बहुतेक व्ही-एट गाड्यांत तोच असतो. मात्र थरथरीबरोबर डाव्या-उजव्याच्या पाळीतला न्यायही गेला. सुखाची किंमत धुराच्या नळीने मोजली म्हणा ना!

आता तो खेळ. आठ मुलांना दोन बाकांवर बसवा, चार डावीकडे, चार उजवीकडे. शेवरोलेच्या १९५५ सालापासूनच्या प्रसिद्ध इंजिनात भडक्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकड्यांचे सिलिंडर डावीकडे, सम आकड्यांचे उजवीकडे. याच क्रमाने मुलांना एकेक टाळी वाजवायला सांगा, ताल संथ आणि एकसारखा ठेवा. ऐकू येईल ते असे:

डावा, उजवा, उजवा, डावा. उजवा, डावा, डावा, उजवा.

(गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत. दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या अर्ध्यातला प्रत्येक डावा उजवा झाला आहे आणि उजवा डावा. हा क्रम गणितात निराळ्याच वाटेने भेटतो. इंजिनाच्या कारागिराने तो मुद्दाम आणलेला नाही. दांड्याच्या आकारातून तो आपोआप आला.)

मग उजव्या बाकाला वाजवत ठेवून नुसत्या डाव्या बाकाकडे कान द्या. पहिली टाळी झाली की तीन मात्रांनी दुसरी, नंतर दोन मात्रांनी तिसरी, मग लगेच पुढच्याच मात्रेला चौथी, आणि पुन्हा दोन मात्रांनी चक्र सुरू. अंशांत मांडले तर २७०, १८०, ९०, १८०. ढोलकीवाला असे वाजवू लागला तर तमासगीर त्याला फडाबाहेर काढतील! पण अमेरिकन गाडीचा तो घुमणारा, अडखळल्यासारखा 'गुबगुब गुबगुब' आवाज म्हणजे हेच. गाडी उभ्याउभ्या मिनिटाला ७०० फेऱ्यांवर चालू असेल, तर हे अडखळते चक्र सेकंदाला जवळजवळ सहा वेळा पुरे होते. कानाला ती धाप लागल्यासारखी वाटते. हौशी लोक या आवाजावर जीव टाकतात. मुळात मात्र ती असमतोलाची खूण आहे.

एक मौज आणखी पाहा. डाव्या बाकाच्या दोन टाळ्या लागोपाठ पडतात, नेमका तेव्हाच उजव्या बाकाचा लांब विसावा चालू असतो. उजव्याची घाई असते तेव्हा डावा गप्प. म्हणजे एका नळीत गर्दी आणि दुसरी रिकामी. शेतात दोन पाट शेजारी वाहत असावेत, एकाला एकदम लोंढा यावा आणि दुसरा कोरडा असावा, तर शेतकरी काय करतो? मधला बांध फोडून वाट करून देतो. दोन धुरनळ्यांना जोडणारी आडवी नळी हीच ती फोडलेली वाट. इंग्रजीत तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. आपण तिला पूल म्हणू.

पण पाटाची उपमा इथेच सोडली पाहिजे. पाटात पाणी वाहते. नळीत धूर वाहतो तो वेगळा, आणि त्याच्यातून दाबाची लाट धावते ती वेगळी. ही लाट म्हणजे आवाजच. साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. पण पाचशे अंश तापलेल्या धुरात तो साडेपाचशे मीटरच्या घरात जातो. आता हिशेब करू. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. नव्वद अंशांना वेळ लागतो एका सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्यात लाट पावणेतीन मीटर पळते. ६,००० फेऱ्यांना ते अंतर निम्मे होते. म्हणजे पूल इंजिनापासून किती लांब आहे यावर लाट दुसऱ्या बाजूला वेळेवर पोचते की उशिरा, हे ठरते. आणि नळी तर एकाच मापाची, ती काही वेगाबरोबर लांब-आखूड होत नाही. म्हणून कुठलाही पूल सगळ्या वेगांना सारखाच मानवत नाही. 'सर्व वेगांत भरपूर ताकद' अशी जाहिरात दिसली तर हा हिशेब आठवावा.

लाट वेळेवर पोचून साधते काय? धूर बाहेर जाणे संपता संपता आणि ताजी हवा आत येऊ लागताना, क्षणभर दोन्ही झडपा उघड्या असतात. त्या क्षणी धुराच्या झडपेपाशी दाब कमी असेल तर उरलासुरला धूर ओढला जातो आणि त्याच्या पाठोपाठ ताजी हवाही जास्त येते. दाब उलट वाढलेला असेल तर धूर आतच अडकतो. पुलाने दाब दोन नळ्यांत वाटला गेला की हे अडकणे कमी होते. गॅरेजात एक समज ऐकू येतो की इंजिनाला मागून थोडा अटकाव, 'बॅक प्रेशर', लागतोच. तो खरा नव्हे. इंजिनाला हवा असतो तो धुराचा वेग. नळी फार रुंद केली की धूर रेंगाळतो आणि कमी वेगावर गाडी मरगळते. त्यावरून लोकांनी अटकावाचे माहात्म्य काढले.

आता एच आणि एक्स. एच म्हणजे दोन सरळ नळ्या आणि मध्ये एक आडवा तुकडा. धूर आपापल्या वाटेने जातो, आडव्या तुकड्यातून मुख्यतः दाब वाटला जातो. वाटणी अर्धीमुर्धीच होते, त्यामुळे तो अडखळता ठेका पुष्कळसा शिल्लक राहतो. आवाज खर्जातला, जुन्या वळणाचा. एक्समध्ये दोन्ही नळ्या वळून एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. इथे धूरच एकत्र येतो. एका बाजूचा ठोका सांध्यातून जाताना दुसऱ्या बाजूच्या धुराला सोबत ओढतो. पिचकारीच्या जुन्या फवारणी पंपात तोंडावरून जाणारी हवा डब्यातले औषध वर ओढते, साधारण तसे. मिसळणे पुरे झाल्याने दोन्ही नळ्यांतून जवळजवळ नियमित ठोके बाहेर पडतात. अडखळणे गेले की आवाज चढा होतो, थोडा युरोपीय शर्यतीच्या गाडीसारखा. त्या गाड्यांत, फेरारीत उदाहरणार्थ, मुळात सपाट दांडाच असतो, म्हणून त्या खर्जात घुमत नाहीत, किंचाळतात.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न गाडीचा. इंजिन अधिकच्या चिन्हाच्या दांड्याचे व्ही-एट आहे का? धुराच्या नळ्या शेवटपर्यंत दोन आहेत का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच या पुलाला खरा अर्थ. दोन नळ्या पुढे एकीतच मिळत असतील तर मिसळण्याचे काम तिथे होतेच. चार सिलिंडरच्या आपल्याकडच्या मोटारीत किंवा एका सिलिंडरच्या बुलेटमध्ये जोडायला दुसरी नळीच नसते. टर्बो बसवलेल्या इंजिनात धूर आधी चक्रातून जातो आणि ठोके तिथेच मोडतात. त्यापुढे एच काय नि एक्स काय, फरक थोडाच.

दुसरा प्रश्न गाडी कुठे चालवणार हा. रोज कामावर जायचे आणि रविवारी फिरायचे, तर इंजिन बहुतेक वेळ दोन-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास राहते. तिथे एच पुरेसा होतो. बनवायला सोपा, म्हणून सहसा स्वस्तही. गाडी वरच्या फेऱ्यांवर ताणायची असेल, शर्यतीच्या मैदानावर न्यायची असेल, तर एक्स उजवा ठरतो. पण हे 'उजवा' किती? माझे मत विचाराल तर, खरा फायदा 'पूल नाही' पासून 'पूल आहे' इथपर्यंतच आहे. एचपासून एक्सपर्यंतची पायरी बुटकी. ताकद मोजण्याच्या रुळांवर, डायनॅमोमीटरवर, गाडी चढवली तर लागोपाठच्या दोन मापांतच चार-पाच अश्वशक्तींचा फरक सहज पडतो. विक्रेत्याचे आकडे पुष्कळदा तेवढ्याच मापाचे असतात. एकाच दिवशी, त्याच गाडीवर, तीन-तीनदा मोजलेले आकडे दाखवा म्हणावे. नाही तर फरक पुलाचा की सकाळच्या गार हवेचा, कोण सांगणार? तेव्हा एच-एक्सची निवड ही पुष्कळशी कानाची आवड आहे, आणि तसे मोकळेपणाने कबूल करायला काय हरकत आहे?

पैसे जिथे पाहून घालावेत त्या गोष्टी निराळ्या. नळीचे माप घ्या. अडीच इंचाऐवजी तीन इंच घेतली तर वाटते, अर्धाच इंच वाढला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढले. इंजिन तेवढाच धूर सोडत असेल तर त्याचा वेग त्या प्रमाणात घटला. पाच लिटरच्या, फारशी छेडछाड न केलेल्या इंजिनाला अडीच इंच पुरतात. मग वळणे पाहा. नुसत्या दाबाने वाकवलेली नळी वळणावर चेपते. आत दांडा घालून वाकवलेली गोल राहते. सांध्याच्या आत बोट घालून पाहा, वेल्डिंगचे थेंब आत लोंबत असतील तर तो माल परत करावा. धातूचे म्हणाल तर साध्या पोलादाला गंज लवकर चढतो. ४०९ क्रमांकाच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के. वर तांबूस डाग पडतात, पण टिकते आणि लोहचुंबक त्याला चिकटते. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हे उत्तम, महाग, आणि चुंबकाला सहसा दाद देत नाही. दुकानात चुंबक खिशात घेऊन जावे. बर्फावर मीठ टाकणाऱ्या थंड मुलखात ३०४ चे पैसे वसूल होतात. कोरड्या हवेत ४०९ वर भागते.

एचचा पूल कुठे असावा, याची जुन्या अमेरिकन कारागिरांची एक युक्ती मला फार आवडते. दोन्ही सरळ नळ्यांवर रंगाचा लांब पट्टा ओढायचा, गाडी जोरात पळवून आणायची आणि रंग कुठपर्यंत करपला ते पाहायचे. करपणे जिथे थांबते तिथे पूल. आज संगणक हेच काम करतो. पण शिक्षकाला ही युक्तीच अधिक उपयोगाची. अर्थात तयार पुलाची जागा ठरलेलीच असते. गिअरबॉक्स आणि मागे जाणारा दांडा यांना तो घासत नाही ना, एवढे पाहावे. एक्स कधी खाली लोंबतो, आणि गतिरोधकावर आपटतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मस्टँगच्या १९८६ ते १९९३ मधल्या पाच लिटरच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' या पुलाच्या भागातच बसवलेले असत. पूल बदलायचा म्हणजे तेही बदलायचे. या कन्व्हर्टरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिनीमातीचा ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांचे तिथे कार्बन डायॉक्साइड व पाणी होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. साहजिकच असा पूल महाग असतो. म्हणून दुकानदार कन्व्हर्टर नसलेला पूल निम्म्याहून कमी किमतीत दाखवतो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहितो, 'रस्त्याबाहेरच्या वापरासाठी'. माझ्या विद्यार्थ्याने निवडून ठेवला होता तो नेमका असाच! एच की एक्स यात तो गुंतला होता, आणि ही ओळ त्याच्या नजरेतून सुटली होती. अमेरिकेच्या कायद्याने रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणे हा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात तर नव्या कन्व्हर्टरला त्या राज्याच्या मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. १९९६ पासूनच्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या मागे दुसरा संवेदक असतो, तो चुगली करतो आणि समोर दिवा लागतो. पण दिवा नसलेल्या जुन्या गाडीतूनही विष जाते ते शेजाऱ्याच्या पोराच्याच छातीत. पुष्कळ नव्या गाड्यांत पूल कन्व्हर्टरच्या मागे असतो, त्यामुळे त्याला हात न लावता पूल बदलता येतो. मी त्याला कळवले: कन्व्हर्टरसह मंजूर असलेला एच घे, पैसे कमी पडत असतील तर दोन महिने थांब.

आपल्या देशातही मस्टँग २०१६ साली अधिकृतपणे विक्रीला आली होती, तेव्हा इथेही असे हौशी असणार. त्यांना आणि बुलेटवाल्यांना कायदा एकच. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. गेल्या काही वर्षांत अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवला, ही दृश्ये तुम्ही पाहिली असतील. एका सिलिंडरच्या गाडीचा सायलेन्सर पोकळ केल्याने, वर सांगितलेल्या लाटांचा मेळ बिघडून, कमी वेगावरची ओढ कित्येकदा घटतेच. पोराला हे सांगून पाहा. कायद्यापेक्षा ते लवकर पटते असा माझा अनुभव आहे.

राहता राहिली बसवण्याची गोष्ट. धातू तापला की वाढतो. एक मीटर स्टेनलेस नळी चारशे अंशांनी तापली तर सहा-सात मिलिमीटर लांबते. म्हणून सगळे सांधे एकदम घट्ट करू नयेत. नळी रबरी आधारांवर लोंबती ठेवून, ताण कुठे येत नाही हे पाहून मगच पुढून मागे एकेक पट्टा आवळावा. नंतर गाडी उघड्यावर, बंद गॅरेजात नव्हे, थंड असतानाच सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले की तिथे गळती आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हा पूल बसणाऱ्याच्या पायांखालीच असतो, तेव्हा ही तपासणी टाळू नये. शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर पट्टे पुन्हा एकदा आवळावेत आणि सांध्याभोवती काजळीची काळी रेघ उमटली आहे का, ते पाहावे.